शेषावर पहिला हक्क कोणाचा?

भाताची झोडणी झाल्यावर उरणाऱ्या पेंढ्यापासून कागदाचा लगदा करता येतो. त्यात झाड तोडावे लागत नाही, म्हणून हा उद्योग अहिंसक मानला जातो. परंतु पिकाचा शेष खरोखरच बिनवारशी असतो का, हे आधी ठरवावे लागते.

कागदासाठी लाकूड अपरिहार्य नाही. चीनमध्ये इ. स. 105 च्या सुमारास झाडाची साल, चिंध्या आणि जुनी जाळी यांपासून कागद होत असे. लाकडाचा लगदा 19व्या शतकात रूढ झाला. पेंढ्यात लिग्निन कमी असल्याने तो क्षारात लवकर शिजतो. मात्र त्याचे तंतू आखूड असतात, आणि भाताच्या पेंढ्यातील सिलिका शिजवणीच्या काळ्या द्रावात उतरून क्षार परत मिळवणे अवघड करते.

शेष कोणाचा, हा प्रश्न मात्र जुना आहे. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडातील उच्छिष्टसूक्त यज्ञात उरलेल्या भागाला विश्वाचा आधार मानते. गीतेचा तिसरा अध्याय यज्ञशेष खाणाऱ्याला दोषमुक्त ठरवतो आणि केवळ स्वतःसाठी शिजवणाऱ्याला पापी. म्हणजे शेष पवित्र ठरतो तो इतरांचा वाटा दिल्यानंतरच.

पेंढ्यात हा वाटा कोणाचा, ते गावात दिसते. वाशिष्ठी नदीच्या मुखाशी वसलेले अंजनवेल भातशेतीच्या कोकणात येते. येथे पेंढा उडवीत रचून गुरांना घालतात. गुरांचे शेण खतात आणि राबात, म्हणजे रोपांसाठी भाजायच्या जमिनीत, जाते. भाजलेल्या राबात तरवा, म्हणजे भाताची रोपे, उगवतो आणि त्याचीच लावणी होते. पेंढा कागदगिरणीकडे वळला, तर वैरण आणि शेण दोन्ही घटतात. पंजाबात शेतातच जाळल्या जाणाऱ्या पेंढ्याची गोष्ट वेगळी. तेथे तो उचलण्याने कोणाचा घास जात नाही. पश्चिम महाराष्ट्रात उसाचा चोथा कारखान्यावर आयताच साठतो, पण त्यावर बॉयलरचा दावा आधीचा असतो.

वर्ध्यात 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातकागदाला प्रोत्साहन दिले. संघाचे जे. सी. कुमारप्पा यांनी निसर्गाच्या चक्रात जे परत जाते त्यावरच टिकाऊ अर्थव्यवस्था उभी राहते, असे मांडले. त्या कसोटीवर हक्कांचा क्रम असा लागतो: आधी गुरे आणि जमीन, मग कागद.

कागदालाही स्वतःचा शेष असतोच. काळा द्राव शुद्ध न करता खाडीत सोडला, तर झाडावरचा घाव माशांवर जातो. म्हणून पेंढ्याचा कागद अहिंसक ठरतो तो दोन अटींवर: घेतलेला पेंढा इतरांच्या गरजा भागून उरलेला असावा, आणि मागे राहणारा द्राव कोणाच्या जिवावर उठू नये.