जे होतं ते भल्यासाठीच?

मार्चमधल्या एका शुक्रवारी रात्री आम्ही अकरा जण पावण्याहून गाडी करून भिगवणला निघालो. बहुतेक जण आयटीतले, दोन-तीन जण कॉलनीतले. पहाटे कुंभारगावच्या काठावर पोचलो तेव्हा अंधार होता. उजाडलं तेव्हा आमची होडी उजनीच्या पाण्यात बरीच आत गेली होती आणि समोर उथळ पाण्यात रोहित पक्षी माना खाली घालून चरत होते. शेकडो. मध्येच एखादा थवा उडायचा, पंखांखालचा लालभडक रंग उघडा पडायचा आणि सगळ्या होडीतून एकच आवाज यायचा. कोणी बोलत नव्हतं, सगळे फोटो काढत होते.

थोड्या वेळाने एक जण म्हणाला, “धरण झालं नसतं तर यातलं काहीच नसतं.”

होडी चालवणारे मामा हसले. म्हणाले, “माझं जुनं गाव ह्याच पाण्याखाली हाय. तुम्ही आत्ता आमच्या शेतावर बसलाय.” मग वल्हं मारत म्हणाले, “आता ही पाखरंच पोट भरत्यात. जे होतं ते भल्यासाठीच, म्हणायचं.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. माझी आजी म्हणते. तिच्याकडे मी नंतर येतो.

भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. नदीकाठची गावं उठली. आजही उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. पाण्याच्या कडेला दलदल तयार झाली, गाळात खाद्य तयार झालं आणि पक्षी येऊ लागले. रोहितचं पिल्लू राखाडी असतं. त्याला गुलाबी रंग खाण्यातून चढतो. म्हणजे आम्ही ज्या रंगासाठी रात्रभर प्रवास केला, तो या गाळातूनही आलेला होता.

दुपारनंतर आम्ही कडबनवाडीच्या माळावर गेलो. कुसळी गवत, मधूनमधून हिवर आणि बोरी. पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांचा मूड गेला. इथे काहीच नाही, असं वाटत होतं. मग सवय झाली आणि माळ दिसायला लागला. पायाखालच्या मातीच्याच रंगाचा धाविक पळाला. पखुर्ड्यांची जोडी उडाली. लांबवर चिंकारा उभा राहून आमच्याकडे बघत होता.

माळढोक दिसला नाही. दिसेल अशी अपेक्षाही कोणी केली नव्हती. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी 1979 साली अभयारण्य झालं, पण आज तिथेही तो दिसला तर बातमी होते. हा पक्षी जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो आणि त्याला मोकळा माळ लागतो. शिकार, विजेच्या तारा अशी कारणं आहेतच, पण जिथे माळ होता तिथे शेती आणि ऊस आला, हेही एक मोठं कारण आहे. आणि उसाला पाणी हवं. सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी उसाला ते उजनीचंच मिळतं.

ज्या धरणाने आम्हाला सकाळी रोहित दाखवला, त्याचंच पाणी संध्याकाळच्या माळाच्या मुळावर आलं. सकाळचे चारशे फोटो मोबाइलमध्ये होते. जे गेलं त्याचा एकही नव्हता. ‘भल्यासाठीच झालं’ हे आपण फोटो बघून म्हणतो, आणि फोटोत फक्त उरलेले असतात.

आता आजी. पावण्याला आमची भातशेती होती. 1960च्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने यायला लागले आणि पुढे आमचीही जमीन गेली. उरलेल्या जागेवर आजोबांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. त्या भाड्यावर माझं इंजिनिअरिंग झालं. आज मी महापेला एसीत बसून कोड लिहितो. आजी माझ्याकडे बघून म्हणते, जे झालं ते भल्यासाठीच. म्हणजे त्या होडीतून बघायला गेलं तर मीही रोहितच आहे. दुसऱ्याच्या शेतावरच्या गाळात वाढलेला.

मग मी काय म्हणायचं? माझी नोकरी चुकीची आहे? रोहित बघून आनंद होणं पाप आहे? असं मला वाटत नाही. रोहितने धरण बांधलं नाही, मीही जमीन घेतली नाही. पण एक फरक मला त्या प्रवासात कळला. मामा ते वाक्य म्हणाले, आजी म्हणते, कारण गमावलेलं त्यांचं होतं. त्यांनी ते गिळून पुढे जगायचं ठरवलं, ते वाक्य त्यांच्या कमाईचं आहे. होडीतला माझा मित्र किंवा मी तेच म्हणतो तेव्हा आपण दुसऱ्याचं नुकसान त्याच्या वतीने माफ करत असतो. आणि माळढोकाच्या वतीने तर कोणीच माफ करू शकत नाही.

आमच्या कामात असं होतं. एखादा बग वर्षानुवर्षं राहतो, लोक त्याच्या आधाराने आपापलं काम उभं करतात. मग तो काढताना दहा वेळा विचार करावा लागतो. तरीही तो बग होता हे खोटं ठरत नाही, आणि पुढच्या प्रोजेक्टमध्ये तो मुद्दाम टाकावा असं तर कोणीच म्हणत नाही.

ही चर्चा पावण्यापासून फार लांबची नाही. ठाणे खाडीत दरवर्षी रोहित येतात. 2015 साली तिथे अभयारण्य झालं, 2022 साली रामसर यादीत नाव आलं. अभ्यासक सांगतात की खाडीत येणाऱ्या सांडपाण्यावर शेवाळ पोसतं आणि लहान रोहित त्यावर जगतात. उद्या खाडी खरंच स्वच्छ झाली आणि रोहित कमी झाले तर? मला वाईट वाटेल. तरी मी स्वच्छ खाडीच्याच बाजूने असेन, कारण तिच्यात मासेमारी करून जगलेली माणसं आहेत. सौंदर्याचा आनंद घ्यावा, पण त्याला घाणीच्या बाजूने साक्षीला उभं करू नये.

रविवारी आजीला फोटो दाखवले. तिला आवडले. मग मी पहिल्यांदाच विचारलं, आपलं शेत नेमकं कुठे होतं? ती अर्धा तास बोलत होती. कुठला बांध कुणाचा, पाणी कुठून यायचं, निवट्या कुठे मिळायच्या. शेवटी नेहमीचं वाक्य म्हणाली. एरवी मी लगेच “हो ना” म्हणतो. या वेळी म्हणालो नाही. नुसता बसून राहिलो.