शिक्का नसलेला घोडा

अमेरिकेतल्या मोकाट घोड्याला 'मस्टँग' म्हणतात; या शब्दाचं मूळ शोधायला निघालं की अमेरिकेच्या माळरानावरून आपण थेट तेराव्या शतकातल्या स्पेनमध्ये, मेंढ्यांच्या कळपांत जाऊन पोचतो. कॅस्टिलच्या राज्यात मेंढपाळ हिवाळ्याच्या तोंडावर उत्तरेच्या डोंगरांतून दक्षिणेच्या कुरणांकडे उतरत आणि उन्हाळा लागला की परत फिरत. हजारो जनावरं एकाच वाटेने चालली की कळप मिसळणार, काही जनावरं मागे राहणार आणि काहींचा धनी कोण हे कुणालाच सांगता येणार नाही. या तंट्यांच्या निवाड्यासाठी मेंढपाळांच्या सभा भरत. त्यांना 'मेस्ता' म्हणत. मिसळलेलं या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून हे नाव आलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. १२७३ साली राजा दहावा आल्फोन्सो याने या सभांना सनद देऊन त्यांचा एक संघ केला. मेरिनो लोकरीच्या व्यापारावर तो इतका बलाढ्य झाला की १८३६ पर्यंत टिकला. ज्या चुकार जनावरावर कुणी हक्क सांगत नसे, ते मेस्ताचं. म्हणून ते 'मेस्तेन्यो' किंवा 'मेस्तेंगो'.

त्याच्या शेजारी 'मोस्त्रेंको' हा आणखी एक शब्द नांदत होता. त्याचं नातं दाखवणे या क्रियापदाशी लावलं जातं: सापडलेलं जनावर चारचौघांत दाखवायचं, म्हणजे धन्याला ओळख पटवून नेता यावं. इंग्रजीतल्या मस्टँगमध्ये हे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले, असं कोशकार सांगतात. गावचा कोंडवाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. १८७१ च्या कायद्याने आपल्याकडेही हेच ठरवून दिलं: पिकात शिरलेलं गुरू कोंडायचं, दंड भरून सोडवायला धनी आला नाही तर लिलावात काढायचं. राज्यकारभाराला बेवारशी जनावर खपत नाही. त्याच्या नावापुढे कुणाचं तरी नाव लिहावंच लागतं. मस्टँग हा शब्द या खतावणीतून आला आहे, आणि त्याच्या पुढच्या सगळ्या प्रवासात खतावणीने त्याची पाठ सोडलेली नाही, असं मला वाटतं.

घोड्याची जात मुळात उत्तर अमेरिकेतच घडली. तिथले घोडे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नाहीसे झाले आणि १४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीबरोबर जहाजांतून या गोलार्धात परत आले. १५१९ साली स्पॅनिश सेनानी कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याजवळ सोळा घोडे होते. पुढच्या दीड-दोन शतकांत स्पॅनिश वसाहतींतून सुटलेले, चोरीला गेलेले, विकले गेलेले घोडे उत्तरेकडे पसरत गेले. १६८० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो लोकांनी स्पॅनिशांविरुद्ध उठाव केला आणि त्यानंतरच घोडे मैदानी जमातींच्या हाती आले, असं पूर्वी सांगितलं जाई. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या हाडांच्या व जनुकांच्या अभ्यासाने मात्र दाखवलं की त्या उठावाच्या कितीतरी आधी तिथले मूळ रहिवासी घोडे पाळत होते. मैदानी जमातींपैकी लाकोटा लोकांनी घोड्याला 'शुंका वाकान' म्हटलं, म्हणजे गूढ, पवित्र शक्तीचा कुत्रा. तोवर त्यांचं ओझं कुत्रेच ओढत असत. हे नाव या जनावराकडे पाहण्याची निराळीच नजर दाखवतं. स्पॅनिश माणूस आधी अंगावर शिक्का आहे का ते बघत होता.

तो शिक्का राज्याच्या तिजोरीसाठी किती मोलाचा होता, हे तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या टेक्सासमध्ये कळलं. १७७८ साली उत्तर सरहद्दीचा सेनाधिकारी तेओदोरो दे क्रुआ याने फर्मान काढलं की शिक्का नसलेलं प्रत्येक मोकाट गुरू आणि घोडा राजाच्या खजिन्याचा. पकडायचा असेल तर डोईमागे शुल्क भरा. त्यातून जमलेल्या पैशाला नावही मेस्तेन्यांचंच मिळालं. गुरं वाढवत आलेले पशुपालक आणि मिशनचे पाद्री यावर चिडले, आणि ते साहजिकच होतं. पिढ्यान्‌पिढ्या माळावर चरणारी आपली गुरं एका कागदाने राजाची झाली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा शब्द इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी आला. अमेरिकी लष्करी अधिकारी झेब्युलन पाईकच्या टेक्सासच्या वृत्तांतात तो आढळतो. १८४६ मध्ये, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या तरुण युलिसिस ग्रँटने दक्षिण टेक्सासात पाहिलेला कळप क्षितिजापर्यंत पसरला होता. एखाद्या छोट्या राज्यातही तो कोंडता आला नसता, असं त्याने आत्मचरित्रात नोंदवलं आहे. त्याच काळात शब्दाच्या आत काहीतरी हललं. कुणाच्याच हाती न लागणाऱ्या एका पांढऱ्या घोड्याच्या कथा माळरानावर फिरत होत्या. लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंगने त्या टिपल्या, आणि १८५१ च्या 'मोबी डिक'मध्ये मेलव्हिलने त्या घोड्याला जवळजवळ देवत्व दिलं. धनी नसणं ही इतके दिवस जनावराची उणीव होती. आता तीच त्याची थोरवी ठरली.

ज्यांनी ही थोरवी गायली त्यांच्याच समाजाने घोड्यांची कत्तलही केली. 'मस्टँगर' नावाचा घोडे पकडणारा धंदाच उभा राहिला. बोअर युद्धासाठी पश्चिमेकडचे घोडे आफ्रिकेला रवाना झाले, आणि १९२० नंतर कुत्र्यामांजरांचं खाद्य करण्यासाठी कळपच्या कळप कापले गेले. १९५० मध्ये नेवाडातल्या रीनो शहराजवळ व्हेल्मा जॉन्स्टन या सेक्रेटरीचं काम करणाऱ्या बाईंना एका ट्रकमधून रक्त गळताना दिसलं. आत कत्तलखान्याकडे चाललेले घोडे होते. विरोधकांनी हिणवण्यासाठी दिलेलं 'वाइल्ड हॉर्स ॲनी' हे नाव त्यांनी अभिमानाने मिरवलं, देशभरच्या शाळकरी मुलांकडून पत्रं लिहवून घेतली. १९५९ मध्ये वाहनं आणि विमानं लावून घोडे पकडण्यावर बंदी आली. १५ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मोकळ्या घोड्यांना आणि गाढवांना संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली. संसदेत त्याला विरोधी मत पडलं नव्हतं.

या कायद्याची प्रस्तावना घोड्यांना पश्चिमेच्या इतिहासाची जिवंत प्रतीकं म्हणते. व्याख्येचं कलम वाचलं की मात्र अंगावर काटा येतो. संरक्षण कुणाला? सार्वजनिक जमिनीवरच्या, शिक्का नसलेल्या आणि कुणी हक्क न सांगितलेल्या जनावरांना. सातशे वर्षांनी हा अगदी मेस्तेन्योच झाला! फरक इतकाच की हक्क सांगणारा नाही म्हणून विकून टाका, असं आता कायदा म्हणत नव्हता. हक्क सांगणारा नाही म्हणून जपा, असं म्हणत होता. माझ्या लेखी या शब्दाच्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं वळण आहे. न्यू मेक्सिको राज्याला ते पचलं नाही. राज्याच्या पशुधन मंडळाने चुकार जनावरांच्या कायद्याखाली संघराज्याच्या जमिनीवरची १९ गाढवं पकडून लिलावात विकली. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संघराज्याचा अधिकार उचलून धरला.

एव्हाना हा शब्द दुसरीकडेही पसरला होता. दुसऱ्या महायुद्धातलं पी-५१ विमान आणि १९६४ ची फोर्डची मोटार ही उदाहरणं सगळ्यांना ठाऊक आहेत. मला त्याहून जिव्हाळ्याचा वाटतो तो अमेरिकी नौदलातला वापर: साध्या खलाशापासून चढत अधिकारी झालेल्याला तिथे मस्टँग म्हणतात.

माळावरचा खरा घोडा मात्र अडचणीत आहे. सार्वजनिक जमिनीवर २५-२६ हजार जनावरं पोसता येतील असा सरकारचा हिशेब, आणि अलीकडच्या मोजणीत ती ७० हजारांहून अधिक भरली. हेलिकॉप्टरने हाकून आणलेली ६० हजारांवर जनावरं सरकारी आवारांत दाणावैरण खात आहेत. पकडल्यावर प्रत्येकाच्या मानेवर डाव्या बाजूला गोठवून शिक्का उठवतात. दत्तक घेणाऱ्याच्या नावावर मालकी चढली की कायद्याने तो रानचा घोडा उरत नाही. हा घोडा मूळचा इथलाच की उपरा, यावर पशुपालक आणि प्राणिमित्र हिरिरीने भांडतात. जीवाश्मांच्या आधारे एक बाजू, जहाजांच्या आधारे दुसरी. पाणवठ्यावर किती घोडे निभावतील हे या वादातून कळत नाही. कोरड्या खोऱ्यातल्या गवताची मर्यादा खरी आहे, आणि कळप वाढू देणं ही माया नव्हे.

तरीही हक्क न सांगता जपण्याचं ते कलम मोडीत निघू नये असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठीची वाट उपलब्धही आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या असाटीग बेटाच्या मेरीलँडकडच्या भागात राष्ट्रीय उद्यान सेवेने १९९४ पासून घोड्यांची संख्या गर्भनिरोधक लसीने आटोक्यात आणली. लस दुरून बाणाने टोचत, घोडीला पकडावं लागत नसे. कुठलीला टोचली आणि कुठलीला नाही याची नोंद कर्मचारी प्रत्येकीच्या रंगावरून आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून ठेवत.