काटा तीसवर, डोकं शून्यावर

खुर्ची पुढे ओढ आणि तो हेडफोन आधी उतरव. आवाजावर इंजिन चालवतोस, म्हणून ही गत झाली आहे. शांतीनगरच्या फ्लॅटमध्ये बसून सिम्युलेटरवर डाकोटा विमान उडवतोस, उडव बापडा. माझं डोकं फिरलं ते "सर, गेज खराब आहे" या तुझ्या वाक्याने.

विमान उभं, इंजिन बंद आणि मॅनिफोल्ड प्रेशरचा काटा 30 इंचांवर. लगेच निकाल देऊन मोकळा झालास की सिम्युलेटरमध्ये बग आहे. अरे शहाण्या, ते गेज इंजिनाच्या आत शिरणाऱ्या हवेचा दाब दाखवतं. इंजिन बंद असलं की आत-बाहेर दाब एकच. आपण समुद्रकाठी राहतो, इथे तो साधारण 30 इंच पारा असतो, म्हणून काटा तीसवर. इंजिन सुरू करून थ्रॉटल मागे ठेवलास की चौदा सिलिंडर हवा ओढायला लागतात आणि वाटेत थ्रॉटलची झडप आडवी असते. मग काटा खाली येतो. बग बघायचाच असेल तर आरशात बघ.

एवढं कळलं असतं तर लेहला थयथयाट केला नसतास. थ्रॉटल पार पुढे ढकललास, 48 इंच येईनात, म्हणून कीबोर्डवर मूठ आपटलीस. साडेदहा हजार फुटांवर हवाच विरळ, सुपरचार्जर दाबून दाबून किती दाबणार? 24 मे 1948 रोजी हवाई दलाच्या मेहर सिंग यांनी त्याच ठिकाणी, कच्च्या धावपट्टीवर, जनरल थिमय्यांना सोबत घेऊन डाकोटा उतरवलं होतं. स्क्रीनवर कॉलसाइन म्हणून त्यांचं नाव टाकलं आहेस. ते आधी पूस.

आता कालचं जुहू. तिथे चुकणारा तू पहिला नाहीस. 1972 मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-8 सांताक्रूझ समजून तिथे उतरलं आणि धावपट्टी सोडून पुढे गेलं. पण तुझी धावपट्टी बरोबर होती, चुकले ते हात. क्रूझचे 2050 आरपीएम तसेच ठेवून फायनलला आलास, उंची जास्त झाली, घाबरलास आणि पुन्हा वर जायला दोन्ही थ्रॉटल एकदम पुढे. 48 इंच! प्रॅट अँड व्हिटनीचं ते इंजिन टेकऑफला 48 इंच सोसतं, पण 2700 आरपीएमवर. फिरणं मंद आणि दाब अफाट असला की सिलिंडरातलं मिश्रण ज्योत पोचायच्या आत आपणहून भडकतं आणि पिस्टनवर घण पडतात. गायमुखच्या घाटात भरलेला ट्रक टॉप गिअरला ठेवून ॲक्सिलरेटर दाबणारा ड्रायव्हर बघितला आहेस ना? त्याला बसमधून हसतोस आणि घरी येऊन तेच करतोस.

किती वेळा घोकून घेतलं? पॉवर वाढवायची तर आधी मिक्श्चर, मग प्रॉप, शेवटी थ्रॉटल. कमी करायची तर आधी थ्रॉटल, मग प्रॉप. उतरण्याआधी प्रॉप पुढे घ्यायचे ते शोभेला नव्हे. ऐनवेळी पुन्हा वर जायचं झालं तर हाताला फक्त थ्रॉटलचं काम उरावं म्हणून. आणि "थ्रॉटलला हात लावला नाही तरी काटा वर चढला" ही तक्रार परत नको. प्रॉप मागे घेतलास की गव्हर्नर पात्यांचा कोन वाढवतो, इंजिन मंद होतं, ते हवा कमी ओढतं आणि मॅनिफोल्डमधला दाब वाढतो. काटा खरंच बोलतो, तुला ऐकायचं नसतं.

एकाच ठिकाणी काट्यांवर विसंबायचं नाही आणि नेमका तिथेच विसंबलास. डावं इंजिन गेलं. हवेच्या रेट्याने पंखा फिरतच राहिला, गव्हर्नरने आरपीएम धरून ठेवले, मॅनिफोल्डही जवळपास तेवढंच. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या म्हणून अंदाजाने उजवं फेदर केलंस, म्हणजे चालतं इंजिन बंद करून त्याची पाती वाऱ्याला आडवी न राहतील अशी वळवलीस. अंदाजाने! नाक डावीकडे वळत होतं, ते सरळ ठेवायला उजवा रडर लागत होता. म्हणजे डावा पाय रिकामा. जो पाय रिकामा, ते इंजिन मेलेलं. पेडल नाहीत म्हणतोस, मग जॉयस्टिक कुठल्या बाजूला पिळत होतास ते तरी बघायचंस. 4 फेब्रुवारी 2015 ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआरचं उजवं इंजिन गेलं आणि वैमानिकाने चालतं डावं बंद केलं. 43 माणसं गेली. तिथे एस्केप दाबून मेनूवर परत येता येत नाही.

आणि हे सेटिंग काय आहे? इंजिन डॅमेज बंद, मिक्श्चर आपोआप! इंजिन फुटतं हे बघवत नाही म्हणून फुटणंच बंद करून टाकलंस? वर मित्रांना सांगतोस, डाकोटा जमलं. बारावीनंतर फ्लाइंग क्लबात जायचं आहे ना तुला? तिथला इन्स्ट्रक्टर माझ्याइतका गोड बोलणार नाही.

उद्या संध्याकाळी वही घेऊन ये. टेकऑफ, चढण, क्रूझ, फायनल, चारही वेळचे इंच आणि आरपीएम मॅन्युअलमधून उतरवून आण, पाठ करून. डॅमेज मी चालू करणार. एक इंजिनही मीच बंद करीन. कोणतं आणि कधी, ते विचारायचं नाही.