बैडालव्रत : व्रताच्या आड दडलेला दंभ

संस्कृतमध्ये ‘बिडाल’ म्हणजे मांजर. मांजराने धारण केलेले व्रत ते बैडालव्रत. जो लोकांना दिसावे म्हणून धर्माची ध्वजा मिरवितो आणि अंतरी लोभ बाळगतो, त्याला मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ‘बैडालव्रतिक’ म्हटले आहे. त्याच्याच जोडीला दृष्टी खाली लावून सावज शोधणारा ‘बकव्रती’ येतो. ‘दंभ’ हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थही ‘फसविणे’ असाच आहे.

महाभारताच्या उद्योगपर्वात या मांजराची कथा आहे. गंगातीरी बाहू उंचावून तप करणाऱ्या मांजराला उंदीर शरण गेले. तपाने थकल्याचे सांगून ते त्यांच्याकडून रोज नदीतीरी नेण्याची सेवा घेऊ लागले. उंदीर घटत गेले, मांजर पुष्ट होत गेले, तेव्हा सत्य उमगले. तमिळनाडूतील महाबलीपुरम् येथील सातव्या शतकातील भव्य शिल्पपटात असे तपस्वी मांजर, सभोवती उंदरांसह, आजही पाहावयास मिळते.

कथेचे मर्म मात्र ती सांगणाऱ्यात आहे. दुर्योधनाने उलूकाकरवी ही कथा धर्मराज युधिष्ठिराला ऐकविली! कपटाने राज्य बळकावणारा धर्मनिष्ठालाच दांभिक ठरवितो. म्हणून सुज्ञ भाविकाने हा शब्द दुसऱ्यास लावण्यापूर्वी स्वतःच्या अंतःकरणास लावून पाहावा.

भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची गणना दंभापासूनच सुरू होते. सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून केलेले तप राजस, असे सतराव्या अध्यायात सांगितले आहे. परतफेडीच्या अपेक्षेने दिलेल्या दानासही तेथे राजसच म्हटले आहे. ज्ञानेश्वर माउलींनी अदंभित्व समजावताना शेतकऱ्याचा दृष्टान्त दिला आहे. पेरलेले बी तो मातीने झाकतो. पुण्यही तसेच झाकून ठेवावे.

देणगीची पावती अवश्य घ्यावी, कारण हिशेब चोख असणे हाही धर्मच आहे. परंतु फलकावर नाव कोरले नाही तरी आपला हात तितक्याच आनंदाने पुढे झाला असता काय, हा प्रश्न प्रत्येकाने गाभाऱ्यासमोर उभे राहून स्वतःस विचारावा. तेथे उत्तर ऐकणारा एकच असतो आणि त्याच्यापाशी सोंग चालत नाही.