विटाळ हाताचा की मनाचा?



‘शुद्ध’ हा शब्द आपल्या लोकांच्या कानाला गोड लागत नाही, आणि त्याला कारण आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपले लोक प्याले. त्यानंतर शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतून ते तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि जनावराच्या मूत्राने ते पवित्र होते, असे मानणाऱ्यांनी हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आपल्याविरुद्ध वापरला. म्हणूनच शुद्धी म्हणजे काय, हा प्रश्न आपण टाळू नये. तो मुळापासून विचारावा. इतर धर्मांतील विचारवंतांनी त्याचे काय उत्तर दिले हे पाहण्यात कमीपणा नाही. आज आपण ख्रिस्ती परंपरेचे उत्तर तपासू.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात एक प्रसंग आहे. येशूचे शिष्य हात न धुता जेवले म्हणून परूशी नावाच्या कर्मठ पंथाच्या लोकांनी त्याला जाब विचारला. हा प्रश्न आरोग्याचा नव्हता, सोवळ्याचा होता. येशूच्या उत्तराचा आशय असा : बाहेरून तोंडात जाते ते पोटात जाते, त्याने माणूस विटाळत नाही. चोरी, खून, लोभ, कपट, गर्व हे अंतःकरणातून बाहेर पडतात, आणि तोच खरा विटाळ. डोंगरावरील प्रवचनातही जे अंतःकरणाने शुद्ध आहेत त्यांना त्याने धन्य म्हटले आहे. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. शुद्धी भांड्यात नाही, स्पर्शात नाही, जन्मात नाही. दहा वेळा स्नान करणारा मनाने अशुद्ध असू शकतो, आणि ज्याची सावलीही लोकांना नको होती तो निर्मळ असू शकतो.

पण येथे एक अडचण उभी राहते. शुद्धी मनाची असेल, तर मनात वाईट विचार येणे हेच पाप म्हणायचे काय? त्याच प्रवचनात येशू म्हणतो की, परस्त्रीकडे कामवासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच. मग शुद्ध उरेल कोण? घरात दाणा नाही अशा बाईची नजर शेजारणीच्या भरल्या कणगीवर गेली, तर ती चोर ठरते काय?

याचे उत्तर त्याच ग्रंथात आहे. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर सैतानाने येशूला तीन मोह घातले : दगडांच्या भाकरी कर, मंदिराच्या टोकावरून उडी टाक, मला नमन कर म्हणजे जगातली सारी राज्ये तुला देतो. त्याने तिन्ही नाकारले. मोह समोर येणे हेच पाप असते, तर येशूही पापी ठरला असता, आणि असे कोणताही ख्रिस्ती म्हणणार नाही. तेव्हा मोह येणे वेगळे आणि मोहाला रुकार देणे वेगळे.

हा भेद चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या साधूंनी फार बारकाईने तपासला. टोपल्या विणून ते पोट भरत आणि आपल्या मनावर पहारा ठेवत. इ. स. ३९९ मध्ये वारलेल्या इव्हाग्रियस या साधूने माणसाला छळणारे आठ विचार मोजले : खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, कामाचा कंटाळा, बढाई आणि गर्व. हे विचार यावेत की न यावेत हे आपल्या हाती नाही, ते मनात मुक्काम करणार की नाही हे आपल्या हाती आहे, असे त्याचे म्हणणे. पॉयमेन नावाच्या वृद्ध साधूकडे एक तरुण हीच तक्रार घेऊन गेला. पॉयमेनने त्याला बाहेर नेले आणि वस्त्राचा ओचा पसरून त्यात वारा धरून ठेवायला सांगितले. जमणार नाही, असे तरुण म्हणाला. तसेच विचारांचे येणेही तुला थांबवता येणार नाही, पण त्यांच्याशी झुंजणे तुझे काम आहे, असे पॉयमेनने त्याला समजावले. या साधूंजवळ शिकून गेलेल्या जॉन कॅसियनने मनाला पाणचक्कीची उपमा दिली आहे. पाणी वाहते तोवर चक्की फिरणारच. पण तिच्यात गहू टाकायचा की निदण हे चक्कीवाला ठरवतो.

याच कॅसियनने एक बोचरी गोष्ट लिहून ठेवली आहे. शेतीवाडी, सोनेनाणे सोडून वाळवंटात आलेली माणसे पुढे एका सुईसाठी, एका लेखणीसाठी भांडत. कोणी आपल्या ग्रंथाला दुसऱ्याला हातही लावू देत नसे. मोठा त्याग केला, पण मालकीची हाव तशीच राहिली. वाचकहो, हे आपल्यालाही लागू आहे. देव्हारा रिकामा केला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, फार मोठे काम झाले. पण पोटजातीचा अभिमान मनात तसाच असेल, मुलीचे स्थळ पाहताना तोच आधी आठवत असेल, तर चक्कीत काय पडते आहे हे पाहायला नको काय?

आपला धम्मही मनालाच सर्व गोष्टींच्या अग्रभागी ठेवतो. बुद्धालाही माराशी सामना करावा लागला. फरक एवढाच की, ख्रिस्ती साधू अखेरीस देवाच्या कृपेची याचना करतो आणि बुद्ध आपल्याला आपल्याच प्रयत्नावर उभे करतो.

आता एक शंका. ‘मन शुद्ध ठेवा’ हा उपदेश गरिबाला गप्प बसवण्यासाठीही वापरला जातो. तू राग सोड, बाकीचे आम्ही पाहू, असे म्हणणारे कमी नाहीत. शिवाय ज्या धर्माच्या संस्थापकाने हाताचा विटाळ नाकारला, त्याच धर्माच्या दक्षिण भारतातील काही चर्चमध्ये जातवार बसण्याच्या जागा आणि जातवार दफनभूमी होत्या. मग मनाची शुद्धी ओळखायची कशी? माझ्या मते एकच कसोटी आहे. मन दिसत नाही, पण हात दिसतो. जो मनाने शुद्ध असल्याचे सांगतो आणि पाणवठा, पंगत, दफनभूमी वेगळी ठेवतो, त्याचे मन शुद्ध नाही. आणि द्वेष सोडणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. उलट द्वेषाने आंधळा झालेला माणूस लढाईत चुकतो. निर्मळ मनाचा माणूस कोणाशी, कशासाठी आणि कुठवर लढायचे हे ओळखतो.

तेव्हा रात्री मुलांचा अभ्यास झाल्यावर घडीभर शांत बसा. आज कोणता विचार दाराशी आला, आणि कोणत्या विचाराला आपण पाट मांडून बसवले, हे स्वतःला विचारा. हा हिशेब दुसऱ्या कोणाला दाखवायचा नाही, म्हणून त्यात खोटेपणा करण्याचे कारणही नाही.