ठिपक्यामागचा माणूस

चित्रकाराने स्वतः रेघ न ओढता फक्त नियम ठरवावा आणि त्या नियमातून चित्र उमलावे, ही कल्पना आपल्या भागाला परकी नाही. आपल्या मायबहिणी आधी ठिपके मांडतात, कोणता ठिपका कोणत्या ठिपक्याला जोडायचा हे ठरलेले असते आणि त्यातून रांगोळी तयार होते. परकार आणि पट्टी घेऊन मशिदींच्या भिंतींवर भौमितिक नक्षी काढणारे कारागीरही हेच करीत आले. एक आकृती, ती पुन्हा पुन्हा मांडण्याचा एक नियम आणि मग भिंतभर पसरलेली नक्षी. संगणक आल्यावर या पद्धतीला 'जनरेटिव्ह आर्ट' हे नाव मिळाले, एवढेच.

नवी गोष्ट घडली ती पुढे. या नियमाला खाद्य म्हणून जिवंत माणसांचे, त्या क्षणाचे बोलणे पुरवले जाऊ लागले. मार्क हॅन्सन आणि बेन रुबिन या दोघांनी 'लिसनिंग पोस्ट' नावाची कलाकृती केली. ती २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडली गेली. इंटरनेटवरच्या हजारो गप्पाघरांत लोक जे लिहीत होते, त्याचे तुकडे २३१ लहान पडद्यांवर उमटत आणि संगणकाचा आवाज ते वाचून दाखवी. त्यातल्या एका भागात 'मी आहे' अशा अर्थाने सुरू होणारी वाक्येच गोळा केलेली होती. २००६ मध्ये जोनाथन हॅरिस आणि सेप कामवार यांनी 'वुई फील फाइन' केले. त्यांची यंत्रणा दर काही मिनिटांनी ब्लॉगांमधून 'मला वाटते' अशा अर्थाची वाक्ये शोधी आणि प्रत्येक भावनेचा एक रंगीत ठिपका पडद्यावर सोडी.

या कलाकृतींची थोरवी आम्ही नाकारीत नाही. अनोळखी माणसांच्या एकटेपणाला त्यांनी आवाज दिला. पण इथेच एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याचे बोलणे उचलले, त्याला कुणी विचारले होते काय?

यावर ठरलेले उत्तर असे, की त्याने ते उघड्यावर लिहिले होते. आपला कायदाही काहीसा असेच म्हणतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून, माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती वगळलेली आहे. पण कायदा जिथे थांबतो तिथे नीतीची जबाबदारी सुरू होते. अंगणात वाळत घातलेली साडी रस्त्यावरून सर्वांना दिसते, म्हणून ती रस्त्याची होत नाही. उघडे असणे वेगळे आणि बेवारस असणे वेगळे. मजलिसमध्ये बोललेली गोष्ट ऐकणाऱ्याकडे अमानत असते, हा संस्कार आमच्या घरांतून मुलांना दिला जातो. अमानत म्हणजे जपून ठेवायची वस्तू, मालकीची नव्हे. गंमत अशी, की या बोलण्याचा भाव मात्र बाजाराने ठरवला. २०२३ मध्ये ट्विटरने बाहेरच्या आज्ञावलींना मजकूर फुकट वाचू देणे बंद केले आणि त्यासाठी दर लावला. बोलणारा मात्र या व्यवहारात कुठेच नव्हता.

कुणी म्हणेल, कवी तरी काय करीत आले? जात्यावरच्या ओव्या, बाजारातली बोली, भांडणातले शब्द त्यांनी न विचारताच उचलले. हे खरे आहे. पण कवी तो शब्द आपल्या काळजातून गाळून घेतो आणि खाली आपले नाव लिहून त्याची जबाबदारी स्वीकारतो. यंत्र एका सेकंदात हजारो शब्द उचलते आणि त्यातल्या एकापाशीही थांबत नाही.

उर्दू शिकवताना आम्ही मुलांना नुक्त्याचे महत्त्व सांगतो. नुक्ता म्हणजे अक्षराचा ठिपका. 'खुदा' आणि 'जुदा' हे शब्द उर्दूत लिहिले, तर फरक एवढाच की पहिल्यात ठिपका अक्षराच्या वर आहे आणि दुसऱ्यात खाली. एका ठिपक्याने एवढा अर्थ फिरतो, तर ज्या चित्रात ठिपका म्हणजे एक अख्खा माणूस आहे, तिथे किती जपायला हवे!

हा प्रश्न न्यूयॉर्कचा नाही, शिरोळचाही आहे. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकत्र येतात, म्हणून पूर आमच्या तालुक्याच्या पाचवीलाच पुजलेला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. तिथली धोक्याची पातळी आहे ४३ फूट. पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. २००५ च्या महापुरात लोकांच्या हाती असे मोबाईल नव्हते, या वेळी होते. फेसबुक, ट्विटर, व्हॉट्सअॅप, मिळेल तिथे लोक लिहीत होते. माडीवर म्हातारी माणसे अडकली आहेत, बोट पाठवा, पिण्याचे पाणी नाही.

समजा, त्यातल्या उघड्या संदेशांवरून दूर शहरात बसून कुणी त्याच क्षणी चित्र काढले असते. पाण्याचा निळा रंग पसरत जातो, मदतीची प्रत्येक हाक म्हणजे एक लाल ठिपका. चित्र देखणे झाले असते, यात शंका नाही. पण हाक ही उत्तरासाठी असते. बोटवाल्याने तो ठिपका पाहिला तर त्याला घर शोधायचे असते, रसिकाने पाहिला तर त्याला फक्त रंग दिसतो. शिवाय वीज गेली, मोबाईल बंद पडला, की ठिपकाही विझतो. म्हणजे जिथे हाल सर्वांत जास्त, तिथेच चित्र मोकळे. पाहणाऱ्याला वाटावे, तिकडे सारे क्षेमकुशल आहे.

रागाचेही तसेच. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून तणाव झाला, दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले. त्या दिवसांचे जिवंत चित्र काढले असते, तर आधी भडक रंगांचा डोंब दिसला असता आणि इंटरनेट बंद होताच नितळ शांतता. दोन्ही खोटे. त्या काळात असंख्य हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी काहीच लिहिले नाही. ज्याने लिहिले नाही, त्याचा ठिपका पडत नाही. जो मोठ्याने ओरडला, त्याचा मात्र रंग सगळ्या गावाला फासला जातो. 'हेच ते कोल्हापूर' म्हणून ते चित्र भिंतीवर टांगले जाणे, हा गप्प राहिलेल्यांवर अन्याय झाला असता.

म्हणून ही कला बंद करावी, असे आम्ही म्हणत नाही. तिने एवढे पाळावे: संकटातल्या माणसाची हाक रंगासाठी वापरू नये. कुणाचे शब्द घेतले, कुठून घेतले आणि कोण यात आलेच नाहीत, हे चित्राशेजारी साध्या भाषेत लिहावे. आपले बोलणे काढून घ्या असे कुणी म्हटले, तर वाद न घालता काढावे. नियम यंत्र पाळते, पण नियम ठरवणारा माणूसच असतो. म्हणून 'यंत्राने केले' ही सबब चालणार नाही.

आमची कसोटी साधी आहे. ज्याचा शब्द घेतला, त्याला त्या चित्रासमोर आणून उभे करावे. चित्रात तो स्वतःला ओळखू शकला आणि त्याची मान खाली गेली नाही, तर अमानत सांभाळली गेली.