गुपित शस्त्राचं, पाणी गावाचं

वसमतला लष्करी तळ नाही, दारूगोळ्याचा कारखानाही नाही. मग तळाशेजारच्या विषारी पाण्याची उठाठेव आपण का करावी? कारण पाण्यात काय मिसळलंय हे गावाला कोणी आणि केव्हा सांगायचं, हा प्रश्न दारूगोळ्याचे कारखाने असलेल्या खडकी-भंडाऱ्याइतकाच आपलाही आहे.

अमेरिकेतल्या कॅम्प लजून या तळावर 1953 ते 1987 या काळात सैनिकांची कुटुंबं ड्रायक्लीनिंगच्या आणि यंत्रं धुण्याच्या रसायनांनी दूषित झालेलं पाणी पीत होती. 1980 पासून तपासण्यांत त्याच्या खुणा दिसत होत्या. सर्वांत दूषित विहिरी बंद व्हायला 1985 उजाडलं. तिथं राहून गेलेल्यांना शोधून कळवा, असं 2008 मध्ये कायद्यानं बजावावं लागलं. तोवर त्या पाण्यावर वाढलेली लेकरं स्वतः आईबाप झाली होती. याला लोकांना कळवणं म्हणायचं?

आपल्याकडे तर 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनं संरक्षण प्रकल्पांना जनसुनावणीतूनच सूट दिली आहे. शस्त्राचं गुपित राखावंच. पण टीएनटी हे स्फोटक बनवताना निघणारं लाल पाणी जमिनीत मुरलं, तर त्यात शत्रूपासून लपवण्यासारखं काय आहे? ते शेजारच्या बाईच्या घागरीत येतं. माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(2) सांगतं की जनहित मोठं ठरत असेल, तर गोपनीय माहितीही देता येते. मात्र त्यासाठी अर्ज करायचा, खेटे घालायचे ते पाणी पिणाऱ्यानं! वास्तविक कलम 4 नुसार लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची माहिती सरकारनं आपणहून, स्थानिक भाषेत द्यायची आहे.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान रास्तच. त्याच शिवारात कीटकनाशकं फवारली जातात, आणि पिण्याच्या पाण्याचे बोअरही तिथलेच. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं, हे चांगलंच झालं. त्यांच्या तपासणी-पेटीत फ्लोराइड, नायट्रेट कळतं. कीटकनाशकाचा अंश कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. ‘पाणी चांगलं आहे’ म्हणणाऱ्या साहेबांना म्हणूनच विचारायला हवं, की नेमकं काय काय तपासलंत?

येत्या ग्रामसभेत हा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या, आणि प्रयोगशाळेचा अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला भाग पाडा.